गाडी माघारी, कागद जाग्यावर

"सायेब, अक्षरं एकमेकांच्या अंगावर बसाल्यात बगा."

निपाणीहून हा फोन येतो तेव्हा मी हमखास गालाला साबण फासलेला असतो. पलीकडे दिवाणजी असतात. तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर बोदं मोजलेला माणूस, त्यामुळे बोलण्यात पसारा नाही, वजन आहे. मी विचारतो, "कॉम्प्युटर बंद पडलाय काय?" ते म्हणतात, "न्हाई न्हाई, चालू हाय. म्हणून तर फोन केला."

बंद पडलेल्या यंत्राबद्दल मला आदर आहे. ते प्रामाणिक असतं. आपण पोचेपर्यंत बंदच राहतं, आणि पोचल्यावर कुठं जळलंय ते दाखवतं. वखारीतलं यंत्र त्या जातीचं नाही. ते मधूनच बिघडतं, मधूनच बरं होतं, आणि या दोन्ही वेळा माझ्या एसटीचं वेळापत्रक पाहून ठरवतं.

बेळगाव ते निपाणी पाऊणशे किलोमीटरचा पल्ला आहे. काकती, यमकनमर्डी, संकेश्वर करत तवंदी घाट उतरून मी वखारीत पोचतो, तेव्हा ते यंत्र तपासणीला साहेब आल्यावर शाळेतलं सगळ्यात द्वाड पोर जसं हाताची घडी घालून बसतं तसं बसलेलं असतं. मी यादी दाखवायची आज्ञा देतो, यादी येते. तारीख विचारतो, तारीख येते. अक्षरं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभी. कुणी कुणाच्या अंगावर बसत नाही.

"मगाशी होतं की ओ," दिवाणजी म्हणतात.

हा रोग 'मगाशी' नावाच्या गावात राहतो. तिथं आजवर एकही मेकॅनिक पोचलेला नाही. आमच्या मेहुण्यांच्या स्कूटरचा खडखडाट त्याच गावचा. गॅरेजच्या दारात गेली की ती सतारीसारखी वाजते. लहानपणी डॉक्टरांच्या बाकावर बसल्याबसल्या माझा ताप उतरायचा, तोही तिकडचाच. आईनं घरी आल्यावर फी वाया गेल्याबद्दल एक रट्टा दिला की ताप परत चढायचा.

आता मी कोण आणि निपाणीची वखार माझ्या गळ्यात कशी पडली, हे सांगायला हवं. मी काही कॉम्प्युटरचा इंजिनिअर नाही. बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात स्टोअरचा हिशेब बघत माझी नोकरी झाली. फार वर्षांपूर्वी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स घातलं, कारण ते फुकट होतं. तज्ज्ञ मंडळी लिनक्सच्या बाजूनं पुष्कळ तांत्रिक कारणं देतात. आमच्या भागात एवढं एक पुरतं. वखारीचे मालक अण्णा लांबचे नातलग. एका लग्नात जेवणाच्या पंगतीत त्यांनी विचारलं, "ते फुकटातलं तुला जमतंय म्हणे?" तोंडात मांडा होता, म्हणून नाही म्हणता आलं नाही. अशा रीतीनं फुकटच्या लिनक्सला फुकटचा तज्ज्ञ मिळाला.

मी दिवाणजींना रंगीत खिडक्या वगैरे दिल्या नाहीत. नुसता काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि आज्ञेची वाट पाहत लुकलुकणारा ठोकळा. आज्ञा लिहायची, एंटर मारायचं, उत्तर घ्यायचं. याला टर्मिनल म्हणतात. थकबाकी बघायला, गावाप्रमाणे याद्या काढायला मी छोट्या छोट्या आज्ञा बनवून दिल्या. दिवाणजी तरुणपणी कोल्हापूरला जाऊन टायपिंगची परीक्षा पास झालेले, बोटं अजून लोखंडी. ते कळ दाबत नाहीत, हाणतात. ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप हवेत वर जाऊन उजवीकडं एक फटका मारतो. तिथं टायपरायटरची गाडी नाही, शेजारी बसलेला माणूस असतो. आता त्या बाजूला कुणी बसत नाही.

ह्या टर्मिनलचं खानदान बघायला गेलं तर माझ्यासारख्या पेन्शनरालाही तरुण वाटावं असं आहे. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्सला सुरुवात केली, ती मुळात विद्यापीठाच्या मोठ्या कॉम्प्युटरशी बोलणारा असाच एक काळा पडदा बनवण्यापासून. म्हणजे आधी पडदा आणि मग त्यामागं सगळं नाटक. पडद्याची रुंदी ऐंशी अक्षरं, ती १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलकडून आली, आणि त्या ऐंशीचं मूळ आयबीएमच्या १९२८ च्या भोकं पाडायच्या कार्डात. यंत्राच्या पोटात अजूनही टर्मिनलला 'टीटीवाय' म्हणतात, म्हणजे टेलिटाईप. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तार ऑफिसातलं ते कडकड छापणारं भूत दिवाणजींच्या टेबलावर सुखरूप आहे. हे कळल्यावर मला निम्मं कोडं उलगडल्यासारखं वाटलं. आपल्या घरात तारेनं चांगली बातमी कधी आली होती?

रोग दिसत नसला की औषधं भराभर सुचतात. अण्णांनी पहिल्याच दिवशी निदान केलं, "व्होल्टेज." अण्णांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ व्होल्टेज आहे, जावयाच्या स्वभावासकट. त्यांनी स्टॅबिलायझर बसवला. आठ दिवस काही झालं नाही. अण्णांनी चहा पाजला. नवव्या दिवशी फोन.

वखारीच्या रखवालदाराचं मत पडलं की उंदीर वायर कुरतडतो. "मग सारखं का बिघडत नाही?" मी विचारलं. "उंदीर सारखा कुरतडतोय व्हय? त्यालाबी दुसरी कामं असत्यात." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. सापळा लावला. उंदीर सापडला. सहा दिवस शांतता. रखवालदार माझ्याकडं बघून मिशीला पीळ द्यायला लागला. सातव्या दिवशी फोन.

माझा स्वतःचा सिद्धांत तंबाखूच्या भुकटीचा. वखारीत पाऊल टाकलं की मला सोळा शिंका येतात. यंत्राला निदान एक येत असेल. मी फुंकर मारून कळफलक साफ केला. भुकटी सगळी माझ्या डोळ्यांत गेली आणि तो दिवस वखारीतल्या मुकादमानं माझ्या डोळ्यांवर पाणी मारण्यात गेला.

बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, माझ्याकडं तर असं होत नाही." ह्या मुलांना इतका मोठा पगार या एका वाक्यासाठी देतात अशी माझी खात्री आहे. मी म्हटलं, "अरे, तुझ्याकडं होत नाही म्हणूनच तुला फोन केलाय." तो म्हणाला, "रीस्टार्ट करून बघा."

आणि शेजारचे काका. त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "बॉर्डरचा प्रॉब्लेम आहे." आमच्या भागात हे निदान कशालाही चालतं. काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. निपाणी गाव कर्नाटकात आणि गावाला खेटून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज महाराष्ट्रात. पोरं सकाळी परराज्यात शिकायला जातात आणि दुपारी स्वराज्यात जेवायला येतात. मग यंत्रानं गोंधळायचं नाही तर काय करायचं? मी घाईघाईनं आतली सेटिंग तपासली. लिनक्स भाषा विचारतं आणि देश विचारतं. मराठी, भारत; कन्नड, भारत. राज्य कुठलं, हा प्रश्नच त्यात नाही. फिनलंडच्या माणसाला सुचला नसावा. यंत्र त्या बाबतीत आमच्यापेक्षा सुखी निघालं.

दरम्यान मी बेळगावातून, घरबसल्या, नेटवरून निपाणीच्या यंत्रात शिरायची सोय करून घेतली होती. म्हणजे 'मगाशी'ला रंगेहाथ पकडता येईल. एका रात्री पावणेबारा वाजता मी दिवाणजींच्या आज्ञांची फाईल दुरुस्त करत होतो आणि पडदा गोठला. कळा दाबतोय, काही उमटत नाही. ठोकळासुद्धा लुकलुकायचा थांबला.

"काय करूलालासा ओ एवढ्या रात्री?" आतून बायकोचा आवाज आला.

"निपाणी अडकलीय."

"कुठं?"

"तेच कळंना."

"घाटात असंल. झोपा आता."

मी झोपणारा नव्हतो. मी एकामागून एक आज्ञा हाणल्या. यादी दाखव. थांब. बाहेर पड. तारीख सांग. शेवटी, कुणी बघत नाही असं पाहून, बेळगावच्या रविवार पेठेत हमालाच्या तोंडून ऐकलेला एक शब्द रोमन लिपीत लिहून एंटर मारलं. मग भाच्याला उठवलं. तो झोपेतच म्हणाला, "मामा, कंट्रोल एस दाबलं असणार. कंट्रोल क्यू दाबा." आणि फोन ठेवला.

दाबलं होतं. कारखान्यात वीस वर्षं प्रत्येक दोन ओळींनंतर कंट्रोल एस दाबून 'सेव्ह' करायची सवय. बोटं आपोआप जातात. पण टर्मिनलच्या दुनियेत कंट्रोल एस म्हणजे 'थांब' आणि कंट्रोल क्यू म्हणजे 'चल'. टेलिटाईपच्या काळापासूनचा संकेत. आपल्या एसटीत कंडक्टरची एक घंटा थांबायची आणि दोन घंटा निघायच्या, तसा. मी एक घंटा मारून गाडी थांबवली होती आणि अर्धा तास ड्रायव्हरच्या नावानं ओरडत होतो.

कंट्रोल क्यू दाबलं आणि अर्ध्या तासात हाणलेल्या सगळ्या आज्ञा यंत्रानं एकदम पाळल्या. म्हातारी माणसं करतात तसं त्यानं सगळं ऐकून ठेवलं होतं, फक्त बोललं नव्हतं. यादी आली. 'बाहेर पड' म्हटल्यावर त्यानं मला फाईलमधून बाहेर काढलं. तारीख आली, तोवर ती बदललेली होती. आणि शेवटी त्या रविवार पेठेतल्या शब्दाबद्दल यंत्रानं सभ्यपणे कळवलं, की अशी आज्ञा आपल्याकडं आढळत नाही.

'सापडलं!' म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निपाणी गाठली. दिवाणजींना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण सायेब, आमचं थांबत न्हाई. आमचं अंगावर बसतंय."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं. "माझं ऐका. कागद वर सरकंना झालाय. नुसती गाडी माघारी येतीया."

मी हसलो. अगदी प्रेमानं हसलो, पण हसलो. म्हटलं, "दिवाणजी, हा टायपरायटर नाही. इथं गाडी नाही, कागद नाही." दिवाणजी काही बोलले नाहीत. बोद हलकं भरलंय हे ओळखून मापाडी जसा गप्प बसतो तसे बसले.

त्याच भेटीत मी दुसरा पराक्रम केला. अण्णांनी देवळाच्या जीर्णोद्धाराचा एक फोटो यंत्रात ठेवला होता. मी तपासाच्या भरात ती फाईल मजकूर समजून पडद्यावर उघडली. फोटोच्या पोटातली अक्षरं धबधब्यासारखी कोसळली, यंत्र दोनदा टूं-टूं वाजलं, आणि शेवटी सगळं थांबलं तेव्हा पडद्यावरचं इंग्रजी गायब होऊन रेघा, कोपरे, चौकटी आणि ठिपके यांची रांगोळी झाली होती. मी लिहीन ते अक्षर रांगोळीत उमटत होतं. फोटोच्या त्या कचऱ्यात कुठंतरी 'लिपी बदल' असा एक अदृश्य हुकूम असतो. टर्मिनल बिचारं आज्ञाधारक, ते बदलतं. पण तेव्हा मला एवढंच दिसत होतं की वखारीचा हिशेब मोडी लिपीच्याही मागं गेला.

दिवाणजी चष्मा वर करून जवळ आले. "कन्नड हाय काय हे?"

चिकोडीकडचा मुकादम दारातून डोकावला. "एनात्री?" त्यानं पडद्याकडं नीट बघितलं आणि निर्वाळा दिला, "कन्नड अल्लरी. इदु मराठी इरबेक्री." कन्नड नाही हो, हे मराठी असणार.

दोन्ही बाजूंनी पहिल्यांदाच एखाद्या मजकुरावरचा हक्क इतक्या उदारपणे सोडल्याचं मी पाहत होतो.

भाच्यानं फोनवर उपाय सांगितला. 'रीसेट' असं लिहायचं. न दिसता लिहायचं. त्यानंही भागलं नाही तर आधी 'एसटीटीवाय सेन' नावाची आज्ञा द्यायची. सेन म्हणजे शहाणा. बंगाल्यांचं आडनाव नव्हे. टर्मिनलला सांगायचं, बाबा रे, शहाण्यासारखा वाग. आणि एंटरचंही डोकं फिरलेलं असेल, तर त्याच्याऐवजी कंट्रोल जे. मी तीनदा प्रयत्न केला. आपण काय लिहितोय हे दिसत नसताना माणसाला 'रीसेट'चं स्पेलिंग येत नाही, हा शोध मला त्या दिवशी लागला. चौथ्यांदा दिवाणजींनी मला कोपरानं सरकवलं. टायपिंगच्या क्लासात त्यांच्या वेळी बोटांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवून शिकवायचे; बघून टाईप करणाऱ्याला पट्टी बसायची. दिवाणजींनी खिडकीतून बाहेर वाळत घातलेल्या तंबाखूकडं बघत पाच अक्षरं हाणली, हवेत फटका मारला, आणि पडदा लख्ख झाला.

"बगून टाईप करायची सवय वाईट," ते म्हणाले.

पण मूळ रोग गेला नव्हता. चार दिवसांनी पुन्हा फोन. आता नवीन लक्षण: वरचा बाण दाबून जुनी आज्ञा मागवली की तिची शेपटी पडद्यावर चिकटून राहते, खोडायला गेलं तर खोडली जात नाही, आणि भलतंच अक्षर पुसलं जातं. मी गेलो. यादीची आज्ञा दिली, यादी आली. तारीख विचारली, तारीख आली. दिवाणजींनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

उलगडा झाला तो गणपतीत. भाचा सुट्टीला आला होता. मोदकाचं ताट मांडीवर घेऊन त्यानं माझ्या खांद्यावरून पडद्यावरच्या निपाणीच्या फाईलीत सहज डोकावलं. दहा सेकंद.

"मामा, ह्या रंगाला कंस का नाहीत?"

इथं मला जरा मागं जायला हवं, आणि मान खाली घालूनच जायला हवं. लिनक्समध्ये आज्ञा लिहायच्या जागेच्या आधी एक छोटी पाटी असते, तिला प्रॉम्प्ट म्हणतात. कोण आहे, कुठं आहे, ते लिहिलेली. सात-आठ महिन्यांपूर्वी, जरा हौस म्हणून, मी वखारीच्या यंत्राची ही पाटी रंगवली होती. पहिल्यांदा भगवी केली. अण्णा म्हणाले, "झकास! पण एखादा सरकारी माणूस आला तर?" मग मी ती लाल-पिवळी केली. ते बघून शेजारचे काका म्हणाले, "काय ओ, तुम्ही पण?" आणि दोन दिवस बोलले नाहीत. हिरव्याचा विचार मनात आला आणि लगेच गेला. निळा, पांढरा, प्रत्येकाला कुणी ना कुणी मालक होता. आमच्याकडं पाटीचा विषय नाजूक आहे. कुठल्या भाषेचं अक्षर किती टक्के, याचा कायदा आहे. शेवटी मी राखाडी निवडला, कारण त्यावर आजवर कुठल्याही पक्षानं दावा सांगितलेला नाही.

रंग द्यायचा म्हणजे पाटीच्या आधी एक गुप्त खूण घालायची, पाच अक्षरांची. आणि पाटी संपल्यावर रंग उतरवायची दुसरी, चार अक्षरांची. एकूण नऊ अक्षरं. ती पडद्यावर दिसत नाहीत, जागा खात नाहीत. पण आज्ञा ऐकून घेणारा आतला कारकून, ज्याला बॅश म्हणतात, तो ती मोजतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की ही नऊ अक्षरं हवेतली आहेत. त्यामुळे ओळ भरायला नऊ घरं शिल्लक असतानाच त्याला वाटतं की कड आली. तो समजतो, आपण खालच्या ओळीवर गेलो. पडदा मात्र वरच्याच ओळीवर असतो. मग पुढची अक्षरं त्याच ओळीच्या सुरुवातीला जाऊन आधीच्या अक्षरांच्या अंगावर बसतात.

म्हणजे गाडी माघारी येते. कागद वर सरकत नाही.

मी भाच्याच्या ताटातला मोदक उचलला आणि न विचारता खाल्ला.

आता 'मगाशी'चंही कोडं सुटलं. हे फक्त ओळ ओलांडून जाणाऱ्या लांब आज्ञेलाच होतं. दिवाणजींची आज्ञा लांब: साल, गाव, माल, व्यापारी, किती दिवस थकलं, सगळं एका दमात. मी तपासायला जायचो आणि लिहायचो काय, तर यादी दाखवायची दोन अक्षरी आज्ञा. दम्याच्या माणसाला खुर्चीत बसवून 'आता बरं वाटतंय ना?' असं विचारणाऱ्या डॉक्टरासारखा मी आठ महिने एसटीनं ये-जा करत होतो.

"हे कंस कुणी विसरलं?" भाच्यानं विचारलं.

"असंल कुणीतरी," मी म्हणालो.

उपाय असा, की त्या गुप्त खुणांना कंसात घालायचं, आणि प्रत्येक कंसाच्या आधी एक तिरकी रेघ. त्याचा अर्थ, हे दिसत नाही, मोजू नकोस. दोन खुणा, चार कंस, चार रेघा. नऊ अक्षरांच्या रोगाला आठ अक्षरांचं औषध. ते लिहिताना मला तवंदी घाटाचा खालचा रस्ता आठवला. निपाणी सोडून कोगनोळीवरून कागलकडं जाताना दोन्हीकडं तोच ऊस, तीच तंबाखू, तेच लोक एकमेकांच्या लग्नाला. राज्यांची रेघ कुठं दिसत नाही. पण १ नोव्हेंबर १९५६ पासून सगळे ती मोजतायत, आणि तिला कंसात घालायची आज्ञा कुणाला सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र सुतासारखं सरळ झालं. पंधरा दिवस गेले, महिना गेला. फोन नाही. अण्णांनी जाहीर केलं की स्टॅबिलायझरला 'बसायला' जरा वेळ लागला. रखवालदार म्हणाला, दुसरा उंदीर मेला. शेजारच्या काकांनी दिल्लीत काहीतरी हालचाल झाल्याचं सूचित केलं. बायको म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं? झोप पुरी झाली की सगळं दुरुस्त होतंय." मी सगळ्यांना 'असेल असेल' म्हणालो. श्रेय चौघांत वाटलं गेलं की दोष कुणाचा हे विचारायला कुणी मोकळं राहत नाही, एवढं शहाणपण मी कारखान्यात शिकलोय.

फक्त दिवाणजींनी श्रेय घेतलं नाही. मी वखारीत गेलो तेव्हा त्यांनी एक लांबलचक आज्ञा माझ्यासमोर हाणली. ओळ भरली, शहाण्यासारखी खालच्या ओळीवर गेली. हवेत फटका. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "कागद सरकाय लागला म्हणा की."

"होय," मी म्हणालो. "कागदच होता."

चहा आला. दिवाणजींनी यादी छापून माझ्यापुढं धरली. गावाप्रमाणे थकबाकी, गावांची नावं मराठीत. बेळगाव ठीक उमटलं होतं. पण निपाणीची पहिली वेलांटी न वरून उठून न आणि प यांच्या मधल्या घरात जाऊन बसली होती. निपाणीचं झालं होतं 'नपिाणी'. चिकोडीचीही तीच गत, 'चकिोडी'. हुक्केरीतला क पाय मोडून पडला होता, आणि ह्या सगळ्यांपुढचे रुपयांचे रकाने घसरून एकमेकांच्या दारात गेले होते. पडद्यावरही तसंच.

"रीसेट मारून बगिटलं. जात न्हाई."

ह्याचं कारण मात्र मला माहीत होतं. टर्मिनल म्हणजे चौकटीचा कागद. एका घरात एक अक्षर. ए, बी, सी साठी आखलेला. आपली वेलांटी लिहिली जाते न नंतर, दिसायला हवी न आधी. आमच्या टर्मिनलला ही उलटी चाल कळत नाही. ते तिला पुढचं घर देतं आणि मोकळं होतं. हे मी दिवाणजींना विस्तारानं समजावलं.

"टायपरायटरवर आम्ही येलांटी आदी मारत होतो. मग न," दिवाणजी म्हणाले. "दिसतंय तसं. तुमी लोकांनी ते उलटं केलंसा."

ह्या वेळी मी हसलो नाही.

"मग आता ही येलांटी नची म्हणायची का पची?"

मी यादीकडं बघत राहिलो. न म्हणणार, माझ्या नावावर नोंद आहे. प म्हणणार, प्रत्यक्षात ती माझ्या अंगणात उभी आहे. २००४ पासून दिल्लीत सीमेचा असा एक दावा पडून आहे, त्यात माझी भर कशाला? म्हटलं, "दिवाणजी, हे आपल्या हातात नाही. वरच्या कोर्टात आहे."

दिवाणजींनी चष्मा पुसला. खिशातलं तांबडं बॉलपेन काढलं. वेलांटीवर एक काट मारली, न च्या डोक्यावर नवी काढली, आणि दोहोंमधून एक बाण ओढला. मग पुढची ओळ. मग त्यापुढची. निपाणीचे त्रेचाळीस व्यापारी होते. दर महिन्याला ते असे त्रेचाळीस वेळा निपाणीची वेलांटी माघारी घरी आणतात. प्रत्येक ओळ संपली की डावा हात आपसूक हवेत जातो.

मी खुर्ची जरा लांब घेतली आणि चहा संपवला.